सावलीची भिक्षा

तुळाजीमहाराज आंबेगव्हाणात आले ते एका मुक्कामापुरते, आणि राहिले ते कायमचे. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्याच्या अलीकडे देशमुखांची आमराई आणि आमराईच्या बांधाला लागून एक जुना पार. त्या पारावर महाराजांनी घोंगडी टाकली. पुढे गावकऱ्यांनी वर गवताचे छप्पर घातले, भोवती सारवण केले आणि त्याला मठ म्हणायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या गावात हीच जागा का, असे कुणी विचारले तर महाराज म्हणत, "इथं आंब्याचा वास फुकट येतो." फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर महाराजांचा फार जीव. वारा, चांदणे, पाखरांची किलबिल, यांचे ते इतके कौतुक करीत की ऐकणाऱ्याला आपण आजवर केवढ्या श्रीमंतीत वावरलो ते कळत असे.

मठात वर्षातून एकच मोठा उत्सव. वैशाखी पौर्णिमेला महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी असे आणि त्या दिवशी सारा गाव एका पंगतीला बसे. जेवण साधे, भाकरी, वरण आणि पालेभाजी. पण भाजीचा एक रिवाज होता. ती बाजारातून आणायची नाही, दहा घरांतून गोळाही करायची नाही. पाडव्याच्या सकाळी महाराजांच्या आसनापुढे पानाचा विडा ठेवायचा. जो तो उचलील त्याने स्वतःच्या हाताने भाजी पिकवायची आणि गावाला जेवू घालायची. विडा उचलून ज्याची भाजी पुरली नाही, त्याच्या घराने पुन्हा कधी विड्याला हात लावायचा नाही. असे आजवर कुणाचे झाले नव्हते, कारण वर्षानुवर्षे विडा उचलीत होते आबाजीराव देशमुख. विहीर त्यांची, मळा त्यांचा आणि मिशाही त्यांच्याच!

आबाजीराव माणूस वाईट नव्हते, पण दिलेले दान चारचौघांनी चार वेळा बोलून दाखवावे अशी त्यांना हौस होती. त्यामुळे विडा समोर आला की ते लगेच उचलीत नसत. उपरणे सावरीत, आढ्याकडे बघत, आणि गावाने 'राव, तुमच्याशिवाय कोण?' असे म्हणेपर्यंत वाट पाहत. लोकांनाही ते पाठ झाले होते.

त्या पाडव्याला मात्र निराळेच घडले. आबाजीराव आढ्याकडे बघत होते, लोक विनवणीची जुळवाजुळव करीत होते, आणि बायकांच्या घोळक्यातून ठकूबाई माळीण उठली. सरळ पुढे गेली, महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि विडा उचलून पदरात घेतला.

ठकूबाईचे मळे एके काळी ओढ्याकाठी होते. एका पावसाळ्यात ओढ्याने पात्र बदलले आणि मळ्यांची सारी माती खरवडून नेली. मागे उरले ते गोटे. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा म्हाळू दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात. पण तिच्या हाताला अजून वाफ्याची ओढ होती. रोज देवाला हात जोडताना ती एकच मागत असे, की मरायच्या आत एकदा तरी आपल्या हातची भाजी महाराजांच्या पंगतीत वाढायला मिळू दे. त्या सकाळी विडा तसाच पडलेला पाहिला आणि तिला वाटले, हा कुणाला नकोच आहे. मनात दुसरे काही नव्हते. हातात विडा आल्यावर मात्र तिच्या ध्यानात आले की आपण काय करून बसलो!

आबाजीरावांचा चेहरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांना हसू आले. "ठके, विडा उचललास खरा," ते म्हणाले, "पण वाफे कुठं काढणार? पदरात?"

सारा मठ हसला. ठकूबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. विडा परत ठेवावा तर रिवाज आडवा आणि घ्यावा तर पायाखाली वीतभर जमीन नाही. म्हाळूने तिकडे मळायला घेतलेली तंबाखू तशीच हातात धरली होती.

हसले नाहीत ते एकटे महाराज. ते म्हणाले, "आबाजी, आमराईतले आंबे कुणाचे?"

"माझे."

"लाकूड?"

"तेही माझं. आजोबांनी लावलेली झाडं आहेत."

"बरं. आंबे तुझे, लाकूड तुझं. झाडाखाली सावली पडते, तिचं तू काय करतोस?"

आबाजीराव म्हणाले की सावलीचे काय करायचे असते? पडते आणि जाते. तेव्हा महाराजांनी आपली झोळी पुढे धरली. "मग ती आम्हाला भिक्षा घाल. या पंगतीपुरती ती ठकूबाईची."

भर सभेत महाराजांनी झोळी पसरल्यावर नाही कोण म्हणणार? शिवाय आबाजीरावांना मनातून गंमतच वाटली. सावलीत पोर धड वाढत नाही तिथे पीक काय वाढणार! ते उदारपणे म्हणाले, "दिली सावली. जिथवर सावली तिथवर ठकीची. पण सावलीबाहेर एक पान दिसलं तर ते माझं, मी त्याचं काय वाटेल ते करीन. आणि माझ्या विहिरीचं पाणी मिळायचं नाही."

"झोळी भरली," महाराज म्हणाले, आणि त्यांनी ती खरोखरच जड झाल्यासारखी दोन्ही हातांनी उचलून खांद्याला लावली. लोकांना त्याचेही हसू आले.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायला ठकूबाई कुदळ घेऊन आमराईत हजर. सूर्य नुकताच वर आला होता आणि झाडांच्या सावल्या पार पश्चिमेच्या बांधापर्यंत लांबच लांब पसरल्या होत्या. एवढी जमीन आपल्याला मिळाली! तिला हरखून गेल्यासारखे झाले. तिने शेवटच्या सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली आणि तिथपर्यंत वाफे आखले.

आबाजीराव आपली आमराई अंगणासारखी झाडून ठेवीत. पान पडले की गड्याने उचलायचे आणि ढीग करून पेटवायचे, त्यामुळे जमीन उघडी पडून कडक झाली होती. ठकूबाईने आधी दोन घागरी पाणी शिंपडले, माती भुसभुशीत केली आणि मुळ्यांना कुदळ लागू नये म्हणून बुंध्याजवळ नुसते खुरपे चालवले. बुंध्याच्या दाट गारव्यात तिने अळू आणि हळद लावली. जिथे पानांतून कवडसे पडतात तिथे कोथिंबीर आणि आंबट चुका. आणि पश्चिमेच्या मोठ्या वाफ्यांत पंगतीची खरी भाजी, माठ आणि शेपू. झाडाची गळलेली पाने तिने जाळायला दिली नाहीत, ती रोपांच्या ओळींमधून अंथरली. म्हाळू ओढ्याच्या डोहातून कावडीने पाणी आणी. कावड आणता आणता तो बायकोला एकच वाक्य म्हणत असे, "विडा तू उचललास आन् कावड म्या." पण खेप चुकवीत नसे.

चैत्र तापला. मळ्यामळ्यांतून पाला करपू लागला. आबाजीरावांच्या मळ्यात विहिरीने तळ दाखवला आणि वांग्याची रोपे माना टाकून उभी राहिली. आमराईत मात्र वरून पानांचे छत्र आणि खालून पाचोळ्याची गोधडी, सकाळी घातलेले पाणी संध्याकाळपर्यंत मातीत ओल धरून राही. माठ लालजर्द झाला. शेपूचा वास पारावर येऊ लागला. आमराईच्या त्या कोपऱ्यातल्या आंब्याचे नाव मुळातच शेप्या, कारण त्याच्या फळालाच शेपूचा वास. म्हणून महाराज म्हणत, "झाडाला भाऊ भेटला." दुपारच्या भिक्षेत ठकूबाई त्यांना चुक्याची चार पाने आणून देई आणि ते ती मिटक्या मारीत खात. तिला आयुष्यात इतके सुख कधी झाले नव्हते. रात्री अंग ठणकत असताही तिला आपले हसू यायचे.

उत्सव तोंडावर आला आणि एक दिवस म्हाळू भर दुपारी पाणी घेऊन आला. त्याने कावड खाली ठेवली, वर पाहिले, खाली पाहिले आणि कधी नव्हे ते दुसरेच वाक्य बोलला, "ठके, सावली कुठं हाय?"

ठकूबाईने पाहिले. वैशाखाचा सूर्य नेमका माथ्यावर होता आणि प्रत्येक झाडाची सावली आवरून बुंध्याभोवती येऊन बसली होती. अळू सावलीत, चुका सावलीत, पण माठाचे आणि शेपूचे वाफे सगळेच्या सगळे उन्हात! सावली फिरते हे माळ्याच्या लेकीला कुणी शिकवायला हवे होते असे नाही. पण बोली झाली तेव्हा सावली कुठल्या वेळची, हे कुणी विचारले नव्हते, आणि आनंदाच्या भरात तिने सकाळची मोजली होती. अळूच्या चार गड्ड्यांवर काही गाव जेवत नाही.

ती धावत मठात गेली आणि महाराजांना सारे सांगितले. पश्चिमेचे वाफे पोत्यांनी झाकू का, दुपारची तिथे कुणाला येऊ देऊ नये का, असेही विचारून पाहिले. महाराज म्हणाले, "चूक झाली ना? मग ती झाकू नकोस. विचारलं तर सांग." एवढेच बोलून त्यांनी डोळे मिटले. ठकूबाईला खरे सांगायचे तर जरा रागच आला. एवढ्या मोठ्या पुरुषाने दोन धीराचे शब्द तरी बोलायचे! पण ती गप्प परतली आणि पाणी घालू लागली.

इकडे गावात ठकीच्या भाजीचे कौतुक आबाजीरावांच्या कानी रोज पडत होते. खुद्द त्यांच्या घरातून, 'आमराईतला चुका आणवता का?' अशी विचारणा झाली तेव्हा त्यांना राहवेना. उत्सवाच्या आदल्या दिवशी ते आमराईत आले ते नेमके दुपारचे. बरोबर दोन गडी, आणि गड्यांच्या हातात बैलजोडीचे कासरे. त्यांनाही सावलीचे गणित कुणी शिकवायला नको होते.

"ठके," काठीने माठाच्या वाफ्याकडे दाखवीत ते म्हणाले, "ही भाजी सावलीत आहे का?"

बघायला आलेले लोक बांधावर उभे होते. सकाळी इथे सावली असते असे म्हणता आले असते, ते खोटेही नव्हते. पण तिला महाराजांचे बोल आठवले. ती म्हणाली, "न्हाई, राव. उन्हात हाय. म्या सकाळच्या सावलीला वाफं आखलं. चूक माजी."

आबाजीराव क्षणभर गडबडले. ती भांडेल, रडेल, या तयारीने ते आले होते.

"वाफं तुमचं," ठकूबाई पुढे म्हणाली. "पर उद्याची पंगत व्हऊ द्या. परवा काय करायचं ते करा. आता जनावरं घातली तर गाव कोरडी भाकर खाईल, महाराजांच्या दारात."

बांधावरच्या एकाने हळूच म्हटले की राव, तुमच्याही मळ्यात यंदा काही नाही. ते नेमके नको तिथे लागले. आबाजीरावांनी गड्यांना खूण केली, "सोडा बैल."

तेवढ्यात महाराज आले. त्या रखरखत्या उन्हात अनवाणी, डोक्यावर काही नाही. ते कुणाशी बोलले नाहीत. थेट पश्चिमेच्या बांधापाशी गेले आणि ठकूबाईने पहिल्या दिवशी ठोकलेल्या खुंटीला टेकून, तापलेल्या मातीत मांडी घालून बसले. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "आबाजी, इथं फार ऊन लागतंय रे. जरा सावली इकडं सरकव."

आबाजीराव ओशाळून हसले. "महाराज, सावली काय माझ्या हुकमात आहे?"

"नाही?" महाराज म्हणाले. "मग तू ती दिलीस कशी?"

गड्यांच्या हातून कासरे सुटले होते, पण बैलसुद्धा जागचे हलले नाहीत. महाराजांनी समोरच्या शेप्याकडे मान वर करून पाहिले, घरातल्या माणसाकडे पाहावे तसे, आणि म्हणाले, "बाबा रे, हा देतो म्हणाला, पण त्याच्याकडं नाही. तूच काय ते बघ."

आणि सूर्य माथ्यावर असताना शेप्याची सावली बुंध्यापासून सुटली! पंगतीत वाढपी एकेका पानावरून पुढे सरकतो तशी ती एकेका रोपावरून पुढे सरकली. चुक्यावरून कोथिंबिरीवर आली, कोथिंबिरीवरून माठावर, माठावरून शेपूवर. मागोमाग गोटी, खोबऱ्या, केळ्या अशा आमराईतल्या एकूणएक आंब्यांच्या सावल्या निघाल्या आणि एकमेकींना मिळाल्या. वाऱ्याची झुळूक नव्हती, फांदी हलली नाही, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सावली खुंटीपर्यंत आली, महाराजांच्या मांडीवर चढली आणि तिथे थांबली. बैल सावकाश पुढे झाले. आता भाजी जाणार म्हणून ठकूबाईने डोळे मिटले. उघडून पाहते तर दोन्ही बैल वाफ्यांमधल्या वाटेवर बसून निवांत रवंथ करीत होते. एका पानालाही त्यांनी तोंड लावले नव्हते.

ठकूबाई हात जोडायचेही विसरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ती आपल्या माठाकडे बघत नुसती उभी होती.

बांधावरचे लोक सावलीत होते, गडी सावलीत होते. ऊन होते ते एकट्या आबाजीरावांवर. सावली त्यांच्या जोड्यांच्या टोकाशी येऊन थांबली होती. त्यांनी खाली पाहिले. त्यांची स्वतःची सावली मध्यान्हीच्या रीतीप्रमाणे त्यांच्या पायाखाली गेली होती, उभ्या देशमुखाची हातभरसुद्धा नव्हती. आणि झाडे, ज्यांना ते 'माझी' म्हणत आले, ती बघा कुठवर पोचली होती! मग त्यांनी वर पाहिले. दर वैशाखात जमीन तापली की निम्मी फळे गळून जात. यंदा खाली ओल राहिली होती आणि शेप्याच्या फांद्या फळांनी वाकल्या होत्या. इतके दिवस येता-जाता आपण वाफे मोजत होतो, आंब्यांकडे बघितलेच नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळले. ठकीने सावली घेतली आणि झाडाला पाणी पाजले. आपण विहीर असून तेवढे केले नव्हते.

त्यांनी जोडे काढले, पागोटे काढून काखेत धरले आणि सावलीत पाऊल टाकले. महाराजांपाशी येऊन ते पाय धरायला वाकणार, तो महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्याकडं वाकून काय मिळणार?" महाराज म्हणाले. "उद्या पंगत आहे, भाजी खुडायची राहिली आहे, आणि ठकूबाई एकटी आहे. वाकायचंच आहे तर तिथं वाक."

आबाजीराव वळले. ठकूबाईसमोर त्यांनी हात जोडले. मग एवढेच म्हणाले, "ठकूबाई, मला पाटी दे."

आजवर त्यांनी तिला ठके म्हटले होते. तिच्या ते ध्यानात आले, पण तिने तसे दाखवले नाही. डोळे पदराने पुसले आणि रिकामी पाटी पुढे केली. देशमुख धोतर सावरून माठाच्या वाफ्यात उकिडवे बसले आणि पहिलेच रोप त्यांनी मुळासकट उपटून हातात घेतले.

"अशी न्हाई, राव," ठकूबाई म्हणाली. "उपटायची न्हाई, खुडायची. मूळ ऱ्हाऊ द्यावं, म्हंजी पुन्यांदा फुटतं."

म्हाळू मागे कावड टेकून उभा होता. तो म्हणाला, "राव, खुडून झालं की एक खेप पान्याची बी हाय." आणि त्या दुपारी आमराईत सगळ्यात मोठ्याने हसले ते तुळाजीमहाराज.

सावली ऊन कलेपर्यंत तिथेच होती. भाजी इतकी निघाली की दुसऱ्या दिवशी गाव जेवून, वाटसरू जेवून वर बैलांच्या वाट्यालाही आली. पुढच्या पाडव्याला विडा पुन्हा आसनापुढे ठेवला गेला, तेव्हा आबाजीरावांनी आढ्याकडे पाहिले नाही. उठून तो ठकूबाईच्या ओंजळीत घातला आणि आमराईसोबत विहिरीचे पाणीही दिले. पण ते पुढचे. त्या दुपारी मात्र ज्यांनी पाहिले ते जन्मभर सांगत राहिले, की वैशाखाच्या भर मध्यान्ही आंब्याच्या सावलीत देशमुख एकेका रोपापुढे वाकत होते, आणि प्रत्येक वेळी देठ खुडताना मूळ जपून मागे ठेवीत होते.